खुन्यांच्या जागी चालणारी विमल

विमल जाधवच्या दारात पुरुषांच्या चपला-बुटांचे अकरा जोड असायचे आणि घरात पुरुष एकही नव्हता. बुवापाड्यात आमच्या चाळीत ती राहायला आली तेव्हा पहिल्या आठवड्यातच बायकांनी ते मोजले होते. कोणी म्हणे नवऱ्याने टाकलेली आहे, कोणी म्हणे भाऊ येऊन-जाऊन असतात. एकीने तर चोरीचा माल आहे असंही सांगून टाकलं. मला कुजबुज जमत नाही. मी सरळ दार वाजवलं आणि विचारलं, "एवढे बूट कुणाचे?"

"माझे," ती म्हणाली. मग जाड तळाचा एक काळा बूट उचलून दाखवला. "हा इन्स्पेक्टर. तो चॉकलेटी, वकील. आणि हा टाच झिजलेला आहे ना, याने आजवर सोळा खून केलेत. आत या, चहा टाकते."

एक गोष्ट आधीच सांगते. विमल जिवंत आहे, धडधाकट आहे, आणि आता शिरगावला भाचीकडे राहते. या लिहिण्यात कोणी मरत नाही. वाचणाऱ्याला टांगून ठेवायचं काम विमलचं. माझं नाही. मी चौथी शिकले, नंतर एमआयडीसीतल्या औषधाच्या कंपनीत बाटल्या धुतल्या. जे आहे ते सांगायचं, एवढंच मला येतं.

तर तिचं काम असं होतं. सिनेमात माणसं चालतात, दारं उघडतात, भांडी पडतात, ते आवाज शूटिंगच्या वेळचे नसतात. नंतर एका बंद खोलीत, पडद्याकडे बघत, कोणीतरी ते पुन्हा काढतं. तिथे सगळे त्याला इफेक्ट देणं म्हणायचे. विमल मुंबईच्या एका स्टुडिओत झाडू-पोछा करायला लागली होती. एक दिवस ती बादली घेऊन बाहेरच्या पॅसेजमधून चालली होती. आतला आवाजवाला ओरडत बाहेर आला, कोण चालतंय म्हणून. तिला वाटलं नोकरी गेली. तो म्हणाला, परत चाल. नटीच्या पावलांसाठी त्यांना अशीच चाल हवी होती, कंटाळलेली. त्या दिवसापासून विमल आधी नट्यांच्या जागी चालली, मग नटांच्या, आणि शेवटी खुन्यांच्या. खुनी तिला फार चांगला जमायचा. अंगाने ती किरकोळ, जेमतेम पाच फूट, पण बुटात पाय घातला की फरशीवर सहा फुटी माणूस चालायचा.

तिच्या स्वयंपाकघरात भाजी आणली की अर्धी पातेल्यात जायची आणि अर्धी कामाला. शेवग्याची शेंग म्हणजे मोडलेलं बोट. कोबीचा गड्डा म्हणजे डोक्यात बसलेला दगड. मी एकदा तिच्याकडे जेवायला बसले असताना तिने मुळा कानाजवळ धरून मोडला, मान हलवली आणि म्हणाली, "मनगट आहे हे. मानेला नाही चालायचं." मी म्हटलं, "मग किसून टाक, कोशिंबिरीला चालेल." तिने किसला. मुळा चांगला होता.

उल्हासनगरच्या फर्निचरवाल्यांच्या गल्लीत मी तिच्याबरोबर गेले होते ती गोष्ट सांगायला हवी. तिला बिजागरी हवी होती, करकरणारी. दुकानदार सिंधी, वयस्कर, बोलायला गोड. त्याने नवीकोरी पितळी बिजागरी पुढे ठेवली आणि म्हणाला, "अम्मा, मक्खन माफिक चलेगी. आवाज बिलकुल नहीं, मेरी गॅरंटी."

"वही तो मुश्किल है साईं," विमल म्हणाली, "मेरे को रोनेवाली चाहिए."

त्याला वाटलं बाईला नीट सांगता येत नाहीये. त्याने दुसरी काढली, मग तिसरी. विमल प्रत्येक बिजागरी कानाशी नेऊन उघडझाप करायची आणि नाक मुरडायची. शेवटी त्याने भंगाराचा डबाच तिच्यापुढे उपडा केला. त्यातलीही एकेक तिने ऐकली आणि ठेवून दिली. तेवढ्यात दुकानातला नोकर मागच्या दारातून आत आला, आणि ते दार असं विव्हळलं की माझ्या अंगावर काटा आला. विमल उभीच राहिली. दुकानदाराने कपाळाला हात लावला. पंधरा वर्षं हे दार त्याचं डोकं खात होतं म्हणे. त्याने तिथल्या तिथे बिजागरी उचकटून तिच्या हातात दिली, वर नवी बसवली, आणि आम्हाला ताक पाजलं. जाताना मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, इनकी तबियत ठीक है ना.

रविवारी दुपारी आम्ही दोघी माझ्या टीव्हीवर खुनाचे सिनेमे बघायचो. मला ते पटायचे नाहीत. पहिल्या वीस मिनिटांत खुनी कोण ते मी सांगायचे आणि बहुतेक वेळा बरोबर असायचे. विमलला त्याचं काही वाटायचं नाही. ती म्हणायची, "कोण आहे ते कळलं म्हणून भीती जाते का अक्का? उलट वाढते. आता हेच बघ. कपाटात माणूस आहे, हे तुला दाखवलं. त्या बाईला नाही दाखवलं. ती गवार मोडत बसलीय. आता तू त्या गवारीवरून नजर काढून दाखव."

मी काढू शकले नाही. मला राग आला. मी टीव्हीतल्या बाईला म्हटलं, ऊठ ना भवाने.

"हेच," विमल म्हणाली. "दिग्दर्शकाला एवढंच पाहिजे असतं. तुला माहीत, तिला नाही. मग तिने नुसती गवार मोडली तरी चालतं."

मोठा आवाज करून दचकवणाऱ्यांचा तिला तिटकारा होता. एकदम ढोल वाजवला, मांजर अंगावर टाकली की ती म्हणायची, कामचुकार आहेत. "आवाज वाढवून कोणीही घाबरवेल. काढून घेता आला पाहिजे. घरात पंखा चालू असतो, नळ गळत असतो, शेजारी कुकर वाजतो. एकेक बंद करत जा. माणसाला कळत नाही काय गेलं, पण मान आपोआप वळते." हे ती माझ्याच घरात करून दाखवायची. बोलता बोलता पंखा बंद करायची, मग नळ घट्ट करायची, आणि गप्प बसायची. मी म्हणायचे, विमल, पंखा लाव, उकडतंय. पण खरं सांगायचं तर त्या आधीचा एक क्षण मी दाराकडे बघितलेलं असायचं.

पुढे आवाज कॉम्प्युटरमधून यायला लागले. एक बटण दाबलं की शंभर माणसं चालतात. विमलला कोणी काढलं नाही, फक्त बोलावणं बंद केलं. ती घरी बसली. बुटांना दर महिन्याला पॉलिश मात्र करायची.

तिच्या भावाची मुलगी प्रियांका. दिवसा ऑफिसात नोकरी करायची, सुट्टीच्या दिवशी चार मैत्रिणींना घेऊन सिनेमा करायची. पोरगी जिद्दीची. वांगणीला नवीन बांधलेल्या बिल्डिंगी आहेत, निम्म्या रिकाम्या. तिथे एका भाड्याच्या घरात तिने अख्खा खुनाचा सिनेमा शूट केला. नवी सून, नवरा कामाला पुण्याला गेलेला, आणि तिच्या जिवावर उठलेला तिचा सख्खा दीर. तिला ते माहीत नाही. प्रियांका पेढे घेऊन आली आणि म्हणाली, "आत्या, मधला एक सीन आहे. अख्खा सिनेमा त्याच्यावर उभा आहे. तो बटणाने नाही करायचा. तू चालायचंस."

विमल दोन दिवस जेवली नाही, आनंदाने.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्या घरात बसून तिच्या कुकरच्या शिट्ट्या मोजत होते. तिची डाळ तीन शिट्ट्यांची. तीन झाल्या, चार झाल्या, सहा झाल्या, करपल्याचा वास आला. मी गेले तर बाई कुकरकडे पाठ करून कोथिंबीर निवडत होती. मी गॅस बंद केला आणि विचारलं, किती झाल्या? ती म्हणाली, एक.

मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले आणि नेहमीच्या आवाजात म्हटलं, विमल, तुझ्या पदराला आग लागली. ती कोथिंबीर निवडत राहिली.

मग पुढे येऊन बसले आणि तिच्या तोंडासमोर विचारलं, "कधीपासून?"

तिने नाटक केलं नाही. डावा कान दोन वर्षांपूर्वीच गेला होता. उजव्याने माणसाचं बोलणं समोरून कळायचं, पण बारीक आवाज गेले होते. शिट्टी, बांगडी, कोथिंबिरीची काडी मोडल्याचा आवाज, सगळं. जाड आवाज पायातून कळतात, असं म्हणाली. बूट आपटला की हाडात येतो. प्रियांकाच्या सीनमध्ये बूटच आहेत, म्हणजे निभावून जाईल.

"आणि नाही निभावलं तर?"

"तर तिचा सिनेमा माझ्यामुळे बसेल. म्हणून तर तू माझ्याबरोबर ये. मी चुकले की पदर ओढ." मग माझा हात धरून म्हणाली, "तिला सांगू नको अक्का. कळलं तर ती मला खुर्चीवर बसवेल, चहा देईल आणि काम बटणाला देईल. शेवटचं काम आहे. एवढं होऊ दे."

मी म्हटलं, "आपणहून नाही सांगणार. पण तिने विचारलं तर खोटं बोलणार नाही."

"नाही विचारणार ती," विमल म्हणाली. मला त्या क्षणापासून झोप नीट लागेना.

शिरगावला प्रियांकाच्या घरातली आतली खोली रेकॉर्डिंगची. भिंतींना गाद्या आणि गोधड्या लावलेल्या, पंखा बंद, खिडकीवर चादर. जमिनीवर एका बाजूला साधी लादी, एका बाजूला कडप्पा. समोर टीव्हीवर सीन लागायचा आणि प्रियांका मागे टेबलाशी कानावर हेडफोन लावून मशीन सांभाळायची. मला कोपऱ्यात स्टूल दिलं होतं. मी श्वास जोरात घ्यायचा नाही, अशी ताकीद होती.

सीन असा. सून ओट्याशी पाठमोरी कणीक मळतेय. कॅमेरा तिच्या पाठीवरून हलतच नाही. मागे दार उघडतं, कोणीतरी आत येतं, जवळ येतं. दिसत काही नाही. फक्त ऐकायचं. ती शेवटपर्यंत वळत नाही.

विमलने तो टाच झिजलेला बूट घातला आणि चालली. दारापासून ओट्यापर्यंत नऊ पावलं. एकदाच. पदर ओढायची वेळच आली नाही. मी मनात म्हटलं, सुटलो.

प्रियांकाने पुन्हा लावून बघितलं. चेहरा पडलेला. ती म्हणाली, "मस्त आहे आत्या. पण भीती वाटत नाहीये. आणि एवढे बूट वाजतायत तर ही मागे का बघत नाही? बहिरी आहे का ही?"

विमलने ते ऐकलं की नाही कोण जाणे. मी ऐकलं, आणि त्या गोंधळात माझ्या तोंडून निघून गेलं.

"घरात बूट घालून कोण येतं?"

प्रियांका माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, चोर आला तर बूट घालून येईल. हा तर दीर आहे ना? मग तो दारात चपला काढेल. रोज काढतो. खून करायचा असला तरी हात-पाय आपोआप सवयीने चालतात. आणि म्हणूनच ती वळत नाही. चपला काढल्याचा आवाज आला, म्हणजे घरातलं कोणीतरी आलं. तिला कशाला भीती वाटेल?

प्रियांका उठून उभीच राहिली. तिने विमलसमोर जाऊन सगळं पुन्हा सांगितलं. विमलचे डोळे लकाकले. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "अक्का, एवढी वर्षं खुन्यांना मी घरात बूट घालूनच फिरवलं गं. स्टुडिओवाल्यांनाही कधी सुचलं नाही." आणि मग तिच्या लक्षात आलं. माझ्याही आलं. चपला काढल्यानंतर माणूस अनवाणी चालतो. लादीवरच्या अनवाणी पावलाचा आवाज किती, तर वाफ निघाल्याएवढा. तो विमलला ऐकू येणार नव्हता. मीच तिला त्यात ढकललं होतं.

चपला तिने छान काढल्या. एक. मग दुसरी. पुढे अनवाणी पावलं टाकली. प्रियांका तिच्या समोर येऊन म्हणाली, जोरात होतंय आत्या, हळू. दुसऱ्यांदा तर काहीच आलं नाही. तिसऱ्यांदा टाच धप्पकन पडली. चौथ्यांदा पुन्हा काही नाही. मी पदर ओढायला पुढे सरकले, पण ओढून सांगणार काय? किती हळू, किती जोरात, हे पदराने कळत नाही. विमलच्या मानेवरून घाम गळत होता. पाचव्या वेळी प्रियांकाने हेडफोन काढून ठेवला. माझ्याकडे वळली आणि हळू आवाजात विचारलं, "आजी, आत्याला काय झालंय?"

विमल आमच्याकडे पाठ करून उभी होती. एक पाय उचललेला, टीव्हीकडे डोळे. सीन कधी सुरू होतो याची वाट बघत होती. प्रश्न विचारला गेलाय, हे तिला माहीतच नव्हतं.

मी पाठमोऱ्या बायका सिनेमात पुष्कळ बघितल्या. ही मला बघवेना. मी उठले, तिच्या समोर गेले, खांद्याला धरलं आणि म्हटलं, "ती विचारतेय तुला काय झालंय. तू सांग, नाहीतर मी सांगते."

विमलने उचललेला पाय खाली ठेवला. भाचीकडे वळली आणि म्हणाली, "एक कान गेला. दुसरा अर्धा आहे. अनवाणी पावलं मला ऐकू येत नाहीत."

प्रियांकाने काढून ठेवलेल्या बुटांकडे बोट दाखवलं. मग म्हणाली, "आणि मघाचे बूट?"

"पायाने ऐकले."

मला वाटलं आता खुर्ची येणार आणि चहा येणार. प्रियांकाने टेबल धरून ओढलं, मशीनचा पडदा विमलच्या समोर आणला. त्यावर एक हिरवी रेघ होती, आवाज झाला की उड्या मारायची. प्रियांकाने पेनाने पडद्यावर खूण केली आणि विमलच्या तोंडासमोर मोठ्याने म्हणाली, "आधी सांगितलं असतंस तर मी हा पडदा सकाळीच फिरवला असता. इथवर रेघ आली पाहिजे. वर नको, खाली नको."

विमलने ओलं फडकं मागितलं. तळवे पुसले, म्हणजे पाऊल उचलताना लादीला जरा चिकटावं. रेघेशी पाच-सहा वेळा खेळून घेतलं. मग म्हणाली, लाव.

चपला काढल्या. एक, दुसरी. मध्ये बराच वेळ काही नाही. मग एक पाऊल, चिकटून सुटलेलं. मग दुसरं. आणि ती थांबली. पडद्यावर सून कणीक मळत होती, मळत होती, आणि विमल जागची हलत नव्हती.

सीन संपल्यावर प्रियांकाने विचारलं, "तिसरं पाऊल?"

"तिसरं लोक टाकतील," विमल म्हणाली.

परत येताना बदलापूर स्टेशनबाहेर आम्ही उसाचा रस प्यायलो. विमल दोन ग्लास प्यायली आणि इतकं बोलली की रसवाला मशीन थांबवून बघायला लागला. मी सांगितलं, हळू बोल, तुझ्याशिवाय सगळ्यांना ऐकू येतं. ती हसत सुटली. दोन वर्षं प्रत्येक बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघून तिची मान दुखायला लागली होती, ते तिने मला तेव्हा सांगितलं.

पुढच्या आठवड्यात प्रियांकाने तिला उल्हासनगरला नेऊन उजव्या कानाला मशीन बसवून आणलं. पहिल्या दिवशी ती मला म्हणाली, अक्का, तू चहा पिताना केवढा आवाज करतेस, मला आठवतच नव्हतं. मी म्हटलं, बंद कर मग ते मशीन.

सिनेमा पहिल्यांदा दाखवला तो आमच्या विहाराच्या हॉलमध्ये, संध्याकाळी, पांढऱ्या पडद्यावर. चाळीतले झाडून सगळे आले होते. विमलने मशीन काढून पर्समध्ये टाकलं. म्हणाली, आवाज मला माहीत आहेत, मला तोंडं बघायचीत. ती शेवटच्या रांगेत माझ्याशेजारी तिरकी बसली, पडद्याकडे न बघता. माझं मनगट तिने घट्ट धरलं होतं.

सून कणीक मळायला लागली. दार उघडलं. एक चप्पल, मग दुसरी. सिनेमात खुनी कोण ते अजून कोणालाच सांगितलेलं नव्हतं. मधल्या रांगेतल्या एका बाईने छातीवर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "अगं बाई, घरातलाच आहे."

विमलने मला ढोसलं. "काय म्हणाली ती?"

मी तिच्या तोंडासमोर सांगितलं.

"आणि आता? तिसऱ्याला?"

मी हॉलभर बघितलं. "कोणी हलत नाहीये," मी म्हटलं.

तिने माझं मनगट सोडलं. चार बोटांचे वळ उठले होते. अजून तासभर सिनेमा बाकी होता, मारामारी होती, पळापळ होती, पोलीस यायचे होते. विमलने मान मागे टेकली आणि पाच मिनिटांत घोरायला लागली. पुढच्या रांगेतली माणसं वळून वळून बघायला लागली. मी त्यांना म्हटलं, सिनेमा तिकडे आहे.